वणव्याच्या नकाशात शहर ‘न जळणारं’ का असतं?

वणवा कुठे आणि किती वेगाने जाईल, हे तीन गोष्टी ठरवतात: हवामान, डोंगराचा उतार आणि जळण. उतार बदलत नाही, वारा मोजता येतो. अवघड आहे ते जळण मोजणं.

कारण जळण म्हणजे फक्त झाडं नव्हेत. मोठं खोड सहज पेटत नाही, हे चूल पेटवणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. वाळलेलं गवत आणि पाचोळा कोरड्या हवेत तासाभरात पेटण्याजोगा होतो. जाड ओंडक्याला महिनाभराहून जास्त लागतो. म्हणून आगीच्या नकाशात झाडाच्या जातीइतकंच महत्त्व त्याच्या बुंध्याशी काय पडलंय याला असतं.

१९७२ मध्ये अमेरिकेच्या वनसेवेतल्या रिचर्ड रॉदरमेल यांनी आग पसरण्याच्या वेगाचं गणित मांडलं. २००५ मध्ये स्कॉट आणि बर्गन यांनी त्यासाठी जळणाचे ४० प्रकार ठरवले. ‘लँडफायर’ प्रकल्पात अख्ख्या अमेरिकेचे ३० मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला असा एकेक प्रकार दिला जातो. पण उपग्रहाला वरून शेंडे दिसतात, खालचा पाचोळा नाही. तो जमिनीवरच्या नोंदींवरून ताडावा लागतो. विमानातून लेझर सोडणारं लायडार तंत्र खालच्या फांद्यांची उंची सांगतं. फांद्या जमिनीलगत असतील तर आग शिडी चढावी तशी शेंड्यापर्यंत जाते.

तरीही नकाशा चुकतो. कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज शहराच्या पूर्वेकडचं जंगल २००८ मध्ये जळलं होतं. दहा वर्षांत तिथे गवत आणि झुडपं माजली. म्हणजे मोठी झाडं कमी, पण झटकन पेटणारं जळण भरपूर. ८ नोव्हेंबर २०१८ ला जोराच्या वाऱ्यात आग तिथून शहरात शिरली. ८५ जणांचा जीव गेला, १८ हजारांहून जास्त बांधकामं नष्ट झाली.

शहरात पुढे घरानेच घर पेटवलं. कितीतरी ठिकाणी घराची राख झाली आणि शेजारचं पाइनचं झाड उभंच राहिलं. गंमत अशी (तिला गंमत म्हणणं कठीण आहे), की जळणाच्या या नकाशांत दाट वस्तीचा चौकोन सहसा ‘न जळणारा’ म्हणून नोंदवतात, पाणी आणि बर्फासारखाच. त्यामुळे गणितातली आग वेशीपाशी थांबते. खरी थांबत नाही.

आता संशोधक घरांनाही जळण मानून दोन घरांतलं अंतर, छताचं साहित्य मोजू लागले आहेत. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये, धोक्याच्या भागात भिंतीपासून पाच फुटांत ठिणगीने पेटेल असं काही नको, यासाठी कायदा केला. अंगणातली झुडपं काढायची की नाही, यावरून मात्र पुढे कित्येक वर्षं वाद चालला.