पलटण पॅरिसला आली तेव्हा

पॅरिसमध्ये राहणाऱ्या माणसाला चौदा जुलै टाळता येत नाही. आदल्या रात्रीपासूनच अग्निशमन केंद्रांच्या आवारात बँड लागतात, बंबवाले जवान यजमान होतात आणि आजीबाईंपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे मध्यरात्र उलटेपर्यंत नाचतात. सकाळी डोळे चोळत उठावं, तर डोक्यावरून विमानं जात असतात. १७८९ साली याच तारखेला लोकांनी बास्तीयचा तुरुंग फोडला. १८८० पासून हा फ्रान्सचा राष्ट्रीय सण आहे आणि त्या सकाळी शाँझ एलिझे या राजरस्त्यावर सैन्याचं संचलन होतं.

मी १९९९ साली नोकरीसाठी इथे आलो. पहिली दहा वर्षं हे संचलन मी टीव्हीवरच पाहिलं, तेही अर्धवट, चहा पिता पिता. सैन्याच्या संचलनाचं आमच्या घरी कौतुक नव्हतं.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. आमच्या भागात पलटणीत माणूस नाही असं घर शोधावं लागतं. जवळचं अपशिंगे तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं. माझे वडील पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीत, म्हणजे ‘जंगी पलटणी’त नाईक होते. डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात ब्रह्मपुत्रेच्या काठी जमालपूरला या पलटणीने पाकिस्तानी ठाण्याची वाट अडवून धरली होती. शरण या म्हणून धाडलेल्या चिठ्ठीला पाकिस्तानी कर्नलने उत्तर पाठवलं, आणि त्या उत्तरासोबत बंदुकीची गोळी ठेवली. १० डिसेंबरच्या रात्री शत्रूने वेढा फोडून निसटायचा प्रयत्न केला. पलटण हलली नाही. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं. वडील त्या रात्री गेले. ते २५ वर्षांचे होते, आई २० वर्षांची आणि मी सात महिन्यांचा.

पुढची काही वर्षं २६ जानेवारीला आईला तालुक्याच्या ठिकाणी बोलावत. नारळ, शाल, टाळ्या. एकदा चार तास उन्हात बसवल्यावर तिने जाणं सोडलं ते कायमचं. मी चौथीत असताना मास्तरांनी साताऱ्याच्या सैनिक स्कूलचा फॉर्म आणून दिला. आईने तो चुलीत घातला. मास्तरांना म्हणाली, “एक दिला. हा न्हाय.” त्यामुळे मी इंजिनीयर झालो आणि पुढे फ्रान्सला आलो, असं म्हटलं तरी चालेल.

२००९ च्या उन्हाळ्यात आई पहिल्यांदाच आमच्याकडे आली होती. तिला येताना मी काही कागद आणायला सांगितले होते: माझा जन्माचा दाखला, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, दोघांच्या लग्नाचा काही पुरावा. “ऑफिसात लागतात,” असं फोनवर सांगितलं होतं. ते खोटं होतं. मी फ्रेंच नागरिकत्वाचा अर्ज भरत होतो. हे सरकार अर्जदाराचीच नव्हे, त्याच्या आईबापांचीही कुंडली मागतं. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाही. इथलं घ्यायचं तर तिथलं सोडायचं. कामासाठी युरोपबाहेर जायचं म्हटलं की व्हिसाच्या रांगा, शाळेत जाणारी मुलगी, घराचं कर्ज अशी माझी कारणं होती. ती मी बायकोला सांगितली, मित्रांना सांगितली. जमालपूरला नवरा गेलेल्या बाईला ती कशी सांगायची, ते मात्र मला सुचत नव्हतं.

अशात बातमी आली की यंदा चौदा जुलैला भारताचे पंतप्रधान प्रमुख पाहुणे आहेत आणि संचलनाच्या अग्रभागी आपल्या तिन्ही दलांचे सुमारे ४०० जवान चालणार आहेत. पायदळाची तुकडी मराठा लाइट इन्फंट्रीची! १७६८ साली मुंबईत उभी राहिलेली ही रेजिमेंट शाँझ एलिझेवर येणार, म्हणून इथल्या मराठी मंडळींचे फोन सुरू झाले. मी आईला भीत भीत विचारलं. ती म्हणाली, “लांब हाय का?”

जवळची मेट्रो स्टेशनं बंद होती. अर्धा तास चालून, झडती देऊन, आम्ही कठड्यापाशी उभे राहिलो. आईसाठी घडीचं स्टूल नेलं होतं. शेजारी एक फ्रेंच आजी होत्या. त्या दर वर्षी याच झाडाखाली उभ्या राहतात म्हणे. आईचं नऊवारी पाहून त्यांनी विचारलं, तुमचे आज चालताहेत ना? मी हो म्हटलं. त्यांनी आईला पुढे ओढून घेतलं.

आधी राष्ट्राध्यक्ष सार्कोझी उघड्या मोटारीत उभे राहून गेले, मागेपुढे घोडदळ. मग विमानं आली, निळा-पांढरा-लाल धूर सोडत. आणि मग आर्क द त्रिऑम्फच्या बाजूने ‘सारे जहाँ से अच्छा’ची धून ऐकू आली. ती धून शाळेत हजार वेळा ऐकलेली. फ्रेंच लोकांच्या गर्दीत उभं राहून ती ऐकताना घसा का दाटावा, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. ध्वनिक्षेपकावरच्या निवेदकाने रेजिमेंटचं नाव घेतलं. फ्रेंच ‘र’ घशातून येतो, त्यामुळे ‘मराठा’चं जवळजवळ ‘माघाता’ झालं. लोक टाळ्या वाजवत होते. शेजारच्या आजी ब्राव्हो, ब्राव्हो करत होत्या.

मी आईकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती, डोळे पुसत नव्हती. एकेका रांगेकडे मान वळवून बघत होती. गर्दीतून येणारं आपलं माणूस शोधताना बघावं तसं. स्टूल तिने कधीच पायाने बाजूला सारलं होतं. शेवटची रांग गेल्यावर एवढंच म्हणाली, “लई बारकी पोरं हायत रं.”

माझं वय तेव्हा ३८ होतं. वडिलांपेक्षा मी तेरा वर्षांनी मोठा झालो होतो. हा हिशेब मी तोवर केलाच नव्हता.

आम्ही निघू शकलो असतो, पण आईला हलायचं नव्हतं. पिसांचे तुरे लावलेले कॅडेट गेले, दुटोकी टोप्या घातलेल्या पॉलिटेक्निकच्या मुली-मुलगे गेले. बंबवाल्यांना तर प्रचंड टाळ्या. पॅरिसचं अग्निशमन दल हे सैन्याचंच एक अंग आहे. पायदळाच्या अखेरीला फॉरिन लिजन आली. बाकीच्या तुकड्या मिनिटाला १२० पावलं टाकतात, लिजन फक्त ८८. सर्वांत पुढे दाढीवाले पायोनियर, अंगावर कातडी एप्रन आणि खांद्यावर कुऱ्हाडी. सगळा रस्ताच जणू सावकाश चालू लागला.

“ही कोन?” आईने विचारलं.

मी सांगितलं. ही वेगवेगळ्या देशांतून आलेली माणसं. भरती होताना नावसुद्धा बदलतात. फ्रान्ससाठी लढतात. लढाईत जखमी झाला, तर मागितल्यावर त्याला इथलं नागरिकत्व देण्याचा कायदा १९९९ साली झाला. ‘सांडलेल्या रक्ताने फ्रेंच’, असं इथे म्हणतात.

आई बराच वेळ गप्प होती. मग नजर रस्त्यावरच ठेवून म्हणाली, “मंजी तुला नुसत्या कागदावर देणार म्हण की.”

माझ्या पोटात गोळा आला.

“ग्रामसेवकानं इचारलं मला, एवढ्या वर्सांनी पोरगं बापाच्या मरणाचा दाखला कशाला मागतंय? म्या म्हनलं, हापिसात लागत आसंल. न्हाय लागत, त्ये मला बी कळतंय.”

मी घाईघाईने सांगू लागलो. व्हिसा, मुलगी, कर्ज.

“कारन इचारलं का म्या?” ती म्हणाली. “त्यांनी जीव दिला त्यो काय तुझ्या पासपोर्टासाठी न्हाय दिला. हुकूम व्हता, गेले. मागं सरले न्हाईत, एवढं मला ठावं हाय. तू काय करायचं त्ये कर. पर मला चोरून त्यांचं कागद मागितलंस, त्याचा राग हाय.”

मेट्रोत ती माझ्याशी बोलली नाही. घरी मुलीला मांडीवर घेऊन मात्र सगळं संचलन पहिल्यापासून सांगितलं, कुऱ्हाडीसकट.

दोन दिवसांनी तिने आपणहून विचारलं, “इथं आपली मान्सं कवा आली हुती का?” इंटरनेटवर मी तिला एक प्रसिद्ध छायाचित्र दाखवलं. १४ जुलै १९१६, पॅरिस. संचलनातल्या शीख जवानाच्या गणवेशावर एक फ्रेंच बाई फूल लावते आहे. मग पुढच्या रविवारी तिला घेऊन मी उत्तरेला, न्यव्ह-शापेलला गेलो. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर पडलेल्या आणि ज्यांची कबर वा चिता कुठे ते ठाऊक नाही अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावं तिथल्या स्मारकावर आहेत. स्मारक १९२७ चं. मध्ये उंच स्तंभ, दोन बाजूंना दगडी वाघ, भोवती शेतं. आपल्या खडकीच्या सॅपर्सच्या दोन कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला याच गावात घुसल्या आणि त्यांचा जवळजवळ एकही अधिकारी धड परत आला नाही.

नावं इंग्रजीत कोरलेली, म्हणून मी वाचायची आणि आईने ऐकायची, असं ठरलं. दहाबारा नावांनंतर माझा आवाज बसला. तिने “वाच” म्हणून सांगितलं. वडिलांची चिता ब्रह्मपुत्रेकाठी कुठेतरी पेटली. आईला घरी मिळाली ती तार, एक पत्र्याची ट्रंक आणि मनगटी घड्याळ. स्तंभावर हिंदीतही मजकूर कोरलेला आहे. तो तिने स्वतः, अक्षरावर बोट ठेवल्यासारखा, सावकाश वाचला. परतताना गाडीत म्हणाली, “यांच्या बायकांना तर कुठं त्येबी कळलं नसंल.”

मला २०११ साली फ्रेंच नागरिकत्व मिळालं. समारंभ साधाच होता, राष्ट्रगीत आणि एक फोल्डर. भारतीय पासपोर्ट जमा केला, तो रद्दचा शिक्का मारून परत मिळाला. त्या संध्याकाळी आईला फोन केला. या वेळी मी आधी सांगितलं होतं, तारखेसकट. ती म्हणाली, बरं. मग थोड्या वेळाने, “जुना काय केलास?”

“आहे माझ्याकडे. आता त्याचा उपयोग नाही.”

“मग येताना घिऊन ये.”

दिवाळीत नेला. तिने तो उलटसुलट केला, आतला माझा फोटो पाहिला, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि काही न बोलता आत गेली. २०१८ साली आई गेली. दिवस झाल्यावर मी वडिलांची ट्रंक उघडली. तार, पेन्शनचं पुस्तक, बंद पडलेलं घड्याळ आणि माझा पासपोर्ट, सगळं एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर लावून ठेवलेलं होतं.