सहलीला निघताना : वेरूळ-दौलताबाद पाहा, पण प्रकृती सांभाळून

दिवाळीची सुटी लागली, कापसाचे पहिले पैसे हाती आले की आपल्या नेर भागातून सहलीच्या गाड्या निघतात. छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद हे त्यातले आवडते ठिकाण. २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाल्यापासून तर कारंजामार्गे जाणे फारच सोपे झाले. पण सहलीहून परतलेली निम्मी मंडळी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दिसतात. थोडी काळजी घेतली तर हे टाळता येते.

निघण्यापूर्वी

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी आठवडाभर आधी तपासणी करून घ्यावी. गोळ्या प्रवासाच्या दिवसांपेक्षा दोन-तीन दिवस जास्तीच्या घ्याव्यात. त्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवावी, गाडीच्या टपावरच्या बॅगेत नव्हे. इन्सुलिन उन्हात किंवा डिकीत ठेवू नये, बर्फालाही चिकटू देऊ नये. सहलीत जेवणाला उशीर होतोच. म्हणून मधुमेही माणसाच्या खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी हवीच. घाम सुटला, हातपाय थरथरू लागले तर तो माणूस शुद्धीवर आहे तोवर ती लगेच द्यावी.

पाणी पिण्याचा संकोच नको

सहलीहून आलेल्या बायकांत लघवीला जळजळ आणि थंडी-ताप ही तक्रार मी दरवर्षी पाहतो. एका सुनेला कारण विचारले, तर म्हणाली, "डॉक्टरसाहेब, गाडीत सासरे, भासरे बसलेले. गाडी थांबवा म्हणावं कसं? म्हणून पाणीच पेलं नाही." ही एकट्या तिची गोष्ट नाही. पाणी कमी पडले आणि लघवी तुंबवून धरली की मूत्रमार्गात जंतू वाढतात, क्वचित मूत्रपिंडापर्यंत पोचतात. गरोदर स्त्रीला हे अधिकच धोक्याचे. म्हणून घरातल्या कर्त्या पुरुषाने कोणी म्हणण्याची वाट न पाहता दर दोन तासांनी स्वच्छतागृह पाहून गाडी थांबवावी. तेवढेच पायही मोकळे होतात, चालकाचाही डोळा लागत नाही.

कोणी काय पाहावे?

बिबी का मकबरा आणि पाणचक्की ही ठिकाणे बहुतेक सपाटीवर आहेत. वृद्धांना ती सोयीची. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून शहरात आणले, ती करामत मुलांना अवश्य सांगावी. आपण मात्र पाणी घरचे किंवा सीलबंद बाटलीतलेच प्यावे. नान-खलिया गरमागरम असेल तर खुशाल खावा. कापून ठेवलेली फळे आणि बर्फ घातलेला रस नको.

दौलताबादच्या किल्ल्याची गोष्ट वेगळी. शेकडो पायऱ्या, मध्ये काळोखी अंधारी आणि वर ऊन. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली, तेव्हा वाटेत लोकांचे अतोनात हाल झाले. आपण तसे करून घेण्याचे कारण नाही. चढाई सकाळी करावी, सोबत विजेरी आणि पाणी असावे. चढताना छातीत दाब आला, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, दम कोंडला, तर "आता थोडेच राहिले" म्हणून पुढे जाऊ नये. त्याला गॅस समजून सोडाही पिऊ नये. जागीच बसावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. शहरातले 'घाटी' हे सरकारी रुग्णालय सुमारे १५ किलोमीटरवर आहे.

किल्ल्यावर किंवा लेण्यांत आग्या मोहोळ दिसले तर धूर, दगड, आरडाओरडा करू नये.

जुलाब लागल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजत राहावे. रक्त पडत असेल, लघवी बंद झाली असेल किंवा मूल सुस्तावले असेल तर डॉक्टर गाठावा.

म्हाताऱ्यांना घरी ठेवू नका

"बाबांना शुगर आहे, त्यांना कशाला?" असे म्हणून वडीलधाऱ्यांना घर राखायला ठेवतात. हे मला पटत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी तीस वर्षे वर्गात वेरूळ शिकवले, पण पाहिले नव्हते. मुलगा नको म्हणत होता. साखर आणि रक्तदाब ताब्यात होता, म्हणून मी जा म्हटले. डोंगर वरून खाली कोरत आणलेले कैलास लेणे खालच्या अंगणात उभे राहून पाहता येते, त्यासाठी डोंगर चढावा लागत नाही. अजिंठ्याला पायऱ्या आहेत, पण तिथे डोलीवाले मिळतात. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

आजार ताब्यात असेल तर प्रवास वर्ज्य नाही. एका दिवसात चार ठिकाणे उरकण्याऐवजी दोनच पाहावीत आणि आई-वडिलांना सोबत न्यावे.