तिकीट किती माणसांचं?

मंडळी, संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाला की आपल्याकडे दरवर्षी एक विषय हमखास निघतो. "यंदा सुट्टीत कुठे?" घरात दहा-बारा वर्षांच्या आतलं पोर असेल तर उत्तर ठरलेलंच असतं. मग फोनाफोनी सुरू होते. "तुम्ही तिकिटं कुठून घेतली? कितीला पडली? किती दिवस पुरतात?" गेली बरीच वर्षं असे फोन माझ्याकडे येतात, कारण या बाबतीत आम्ही एकदा चांगलंच तोंड पोळून घेतलं आहे. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

ही गोष्ट १९९७ सालची. सासूबाई पहिल्यांदाच अमेरिकेत आल्या होत्या. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहाचा. न्यू जर्सीहून गाडी हाकत फ्लोरिडाला गेलो. तेव्हा मोठ्या पार्कचं एका दिवसाचं तिकीट चाळीस डॉलरच्या घरात होतं. सासूबाईंनी लगेच छत्तीसने गुणलं. "माणशी दीड हजार रुपये? अरे, एवढ्यात आपला महिन्याचा किराणा येतो!" आमच्या ह्यांनाही ते लागलं असावं. मॉटेलच्या रस्त्यावर एका टपरीत 'दोन दिवस शिल्लक असलेली' चार दिवसांची तिकिटं वीस डॉलरला एक अशी मिळत होती. ह्यांनी पाच घेतली. शंभर डॉलर रोख, पावती नाही.

दुसऱ्या दिवशी गेटवर मशीनने पाचही तिकिटं परत फेकली. त्यांवर एकही दिवस शिल्लक नव्हता. मागे रांग, पोरांचे चेहरे रडवेले. खिडकीवर नवीन तिकिटं घ्यायची तर बजेट कोलमडत होतं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मला कुठे पाळण्यात बसायचंय? मी इथे बाकावर बसते." आम्ही दोनदा 'नको' म्हटलं, तिसऱ्यांदा ऐकलं. चार तिकिटं काढली. दशम्यांचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन त्या सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत गेटबाहेर बसल्या. परत आल्यावर धाकट्याने विचारलं, "आजी, तू परेड पाहिलीस?" त्या म्हणाल्या, "ऐकली की. बँड छान होता."

आमच्या खर्चाच्या वहीत त्या दिवसाच्या पानावर ह्यांच्या अक्षरात लिहिलेलं आहे, "वाचले : ४० डॉलर". सासूबाई २००६ साली गेल्या. ती वही अजून आहे, आणि ते पान मी टाळूनच पुढे जाते.

असो. आता कामाचं बोलू.

आधी माणसं आणि त्यांची वयं

कागद घ्या आणि वर घरातल्या सगळ्यांची नावं लिहा. पुढे वय. ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. तीन ते नऊ मुलांचं तिकीट, आणि दहा पूर्ण झाली की मोठ्यांचं. युनिव्हर्सलमध्येही साधारण हीच विभागणी आहे. पुष्कळजण दहाव्या वाढदिवसाच्या आत जायची धडपड करतात, पण मुलांच्या आणि मोठ्यांच्या तिकिटात फरक थोड्याच डॉलरचा असतो. खरा फरक तिसऱ्या वाढदिवसाला पडतो. तिथे शून्याचं एकदम पूर्ण तिकीट होतं. मात्र अडीच वर्षांच्या बाळाला फुकट नेलं तरी त्याला आठवणार काही नाही, आणि आईचा दिवस स्ट्रोलर ढकलण्यात जाणार, हेही हिशेबात धरा.

मग मुलांची उंची मोजा, घरीच, भिंतीला उभं करून. स्पेस माउंटनला ४४ इंच लागतात. आपल्या जॅक्सनच्या सिक्स फ्लॅग्जमधल्या नायट्रोला ५४. हर्शीपार्कात तर उंचीप्रमाणे मुलांचे गट पाडले आहेत आणि त्यांना चॉकलेटांची नावं दिली आहेत. ज्या पार्कातल्या निम्म्या राइड्सवर तुमचं पोर बसूच शकत नाही, तिथलं तिकीट कितीही स्वस्त असलं तरी महागच. आणखी एक वर्ष थांबा. घरात एक लहान आणि एक मोठं मूल असेल तर गेटवर 'रायडर स्विच'ची चौकशी करा. एक पालक लहानाला घेऊन थांबतो, दुसरा राइड करून येतो, आणि मग पहिल्याला पुन्हा सगळी रांग लावावी लागत नाही. याला जादा पैसे पडत नाहीत.

दिवस आणि तारखा

डिस्नेचं मॅजिक किंगडम १९७१ साली उघडलं तेव्हा आत जायला मोठ्या माणसाला साडेतीन डॉलर पडत आणि राइड्सची कूपनं वेगळी असत. आज एका दिवसाचं तिकीट साधारण १२० पासून २०० डॉलरच्याही थोडं वर जातं, कर वेगळा. २०१८ पासून डिस्ने वर्ल्डची तिकिटं तारखेप्रमाणे बदलतात. तेच पार्क, तीच राइड, पण नाताळच्या आठवड्यात दर वेगळा आणि सप्टेंबरात वेगळा. नाताळ ते नववर्ष, ईस्टर आणि थँक्सगिव्हिंग हे सगळ्यात महाग दिवस. लेबर डेनंतरचा सप्टेंबर आणि जानेवारीचा शेवट हे स्वस्त. आपल्या न्यू जर्सीकरांना नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांच्या अधिवेशनाची सुट्टी मिळते, तेव्हा वाटतं, चला, आडवेळ आहे. पण सगळी जर्सी हाच विचार करते! तिथे रांगेत तुम्हाला एडिसनचे शेजारी भेटतील.

दिवस वाढवले की रोजचा दर उतरतो, हे खरं. पण दर उतरतो तशी बेरीज चढते, हे विसरू नका. चौथा दिवस 'जवळजवळ फुकट' वाटतो, पण त्यासाठी एक रात्र मॉटेल, पार्किंग आणि तीन वेळचं खाणं पाच माणसांचं. लहान मुलं आणि वडीलधारी असतील तर तीन दिवस सलग पार्क झेपत नाही. आम्ही पुढे असं केलं : पार्काचे दोन दिवस, मध्ये एक दिवस पोहण्याचा आणि झोपेचा. बहुदिवसांची तिकिटं ठरावीक मुदतीत कधीही वापरता येतात, म्हणून मध्ये असा दिवस ठेवायला अडचण नसते. पोचल्या दिवशी दुपारी दोनला तिकीट जाळू नका. त्या संध्याकाळी डिस्ने स्प्रिंग्जमध्ये फिरा. तिथे प्रवेशही फुकट आणि पार्किंगही.

'पार्क हॉपर', म्हणजे एकाच दिवशी दोन पार्कं, पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने घेऊ नये असं माझं मत. एकच पार्क दिवसभराला पुरून उरतं. रांग चुकवायच्या जादा पासाचंही तसंच. गेट उघडण्याच्या अर्धा तास आधी दारात उभं राहिलं तर पहिल्या दोन तासांत बऱ्याच मोठ्या राइड्स होतात. आपली माणसं सकाळी उठायला कुठे घाबरतात? गणपतीच्या पहाटे उठतोच ना!

तिकीट कुठून घ्यावं

सरळ पार्ककडून घ्या, किंवा पार्कने मान्यता दिलेल्या विक्रेत्याकडून. ऑफिसच्या एच.आर.मध्ये विचारा. पुष्कळ कंपन्या, विद्यापीठं आणि क्रेडिट युनियन यांना सवलतीची तिकिटं मिळतात आणि आपली माणसं विचारतच नाहीत. ट्रिपल एचे सभासद असाल तर तिथेही पाहा. फ्लोरिडात राहणाऱ्यांना आणि सैन्यातल्यांना वेगळे दर असतात. अनेक पार्कांत गेटच्या खिडकीवरचं तिकीट आधी घेतलेल्यापेक्षा महाग पडतं, म्हणून घरून निघण्याआधी घ्या.

खऱ्या सवलती लहान असतात. कोणी अर्ध्या किमतीत देत असेल तर दोनच शक्यता. एक, टाइमशेअर. तिकीट स्वस्त मिळतं, पण आधी नवराबायकोने बसून विक्रीचं भाषण ऐकायचं. 'नाही' म्हणायला जीभ जड होणाऱ्यांनी तिकडे फिरकू नये. चाळीस डॉलर वाचवायला गेलेली माणसं हजारोंच्या कागदावर सही करून येतात. दुसरी शक्यता, आमच्यासारखी फसवणूक. थोडं वापरलेलं बहुदिवसांचं तिकीट दुसऱ्याला विकणं फ्लोरिडाच्या कायद्याने गुन्हा आहे. शिवाय आता डिस्नेच्या गेटवर तिकिटाबरोबर बोटाचा ठसा जुळवतात. दुसऱ्याचं तिकीट चालणारच नाही.

तिकिटाबाहेरचे पैसे

पार्किंग दिवसाला तीस डॉलरच्या आसपास धरा. डिस्नेत घरचं खाणं नेता येतं, काचेची बरणी आणि सुटा बर्फ मात्र चालत नाही. तेव्हा पराठे, दशम्या, चिवडा, लाडू खुशाल न्या. लोणचं प्लॅस्टिकच्या डबीत. खाण्याच्या काउंटरवर थंड पाणी मागितलं तर फुकट देतात. प्रत्येक पार्काचा नियम मात्र सारखा नाही. सिक्स फ्लॅग्जमध्ये बाहेरचं खाणं सहसा आत नेऊ देत नाहीत, म्हणून आधी चौकशी करा.

आजी-आजोबा आले असतील तर

आता माझ्या मनातला मुद्दा. आईवडील सहा महिने येतात, गुडघे दुखत असतात, आणि सगळ्यांच्या राइड्स होईपर्यंत ते बॅगा सांभाळत बसतात. त्यांचंही पूर्ण तिकीट काढायचं, की त्यांना बाहेर ठेवायचं? हा प्रश्नच येऊ नये अशी ठिकाणं आपल्या जवळ आहेत.

पेनसिल्व्हेनियात एलिसबर्गला नोबल्स नावाचं पार्क आहे. १९२६ पासूनचं. आपल्याकडून अडीच-तीन तासांचा ड्राइव्ह. आत जायला पैसे नाहीत, पार्किंगला पैसे नाहीत. जेवढ्या राइड्स करायच्या तेवढ्यांचीच तिकिटं घ्यायची. झाडाखाली टेबलं आहेत, घरचा डबा उघडून बसता येतं. हर्शीपार्कात ५५ वर्षांवरच्यांना वेगळं, कमी दराचं तिकीट आहे. आणि शेजारच्याच चॉकलेट वर्ल्डमध्ये प्रवेश फुकट, चॉकलेट कसं होतं ते दाखवणारी गाडीची फेरीही फुकट, वर एअर कंडिशन. वडीलधाऱ्यांची दुपार तिथे छान जाते.

जवळच्या पार्कात वर्षातून दोनदा-तीनदा जायचं असेल तर सीझन पासचा हिशेब करा. दोन वेळच्या तिकिटांची आणि पार्किंगची बेरीज एका बाजूला, पास दुसऱ्या बाजूला. पुढच्या वर्षीचे पास बहुधा शरद ऋतूत स्वस्त निघतात. पण पास आहे म्हणून दर शनिवारी जायचं आणि प्रत्येक वेळी पन्नास डॉलरचं खायचं, याला बचत म्हणत नाहीत.

१९९९ साली सासूबाई पुन्हा आल्या तेव्हा आम्ही नोबल्सला गेलो. गेटवर त्यांनी कमरेची पिशवी घट्ट धरली आणि विचारलं, "इथे माझे किती?" म्हटलं, "काही नाही आई, चला." दोन मिनिटं त्यांचा विश्वासच बसेना. तिथे १९१३ सालचं मोठं घोड्यांचं चक्र आहे. फिरता फिरता कडेच्या खांबातून लोखंडी कडी ओढायची, पितळी कडी हाताला लागली तर एक फेरी फुकट. मुलं चार वेळा फिरली. मग त्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अगं, त्या रथात मी बसले तर हसतील का कोणी?"

एका फेरीचं तिकीट काढलं. आमच्या वहीत त्या दिवशीचा खर्चही लिहिलेला आहे. ते पान मी टाळत नाही.

तेव्हा मंडळी, यंदा कागदावर आधी किंमत लिहू नका, नावं लिहा. सगळी नावं. मग तेवढ्या माणसांना परवडेल असं ठिकाण, तारीख आणि दिवस शोधा. फ्लोरिडा नाही जमलं तर हर्शी, तेही नाही तर नोबल्स. यादीतलं नाव मात्र खोडू नका.