चिंगीचा गुडघा

आमची चिंगी आता दीड वर्षाची झाली. पांढरीशुभ्र, कापसाच्या बोंडासारखी. जातीनं स्पिट्झ, पण आपल्याकडं सगळे ‘पामेरियन’च म्हणतात. लेकीच्या हट्टापायी घरात आली आणि लेक शिकायला छत्रपती संभाजीनगरला गेल्यावर माझ्याच गळ्यात पडली. ‘मांजरसुंब्यात राहून कुत्रं पाळलंय होय?’ असं पाहुणे हमखास चिडवतात.

गेल्या पावसाळ्यात ती सात महिन्यांची होती. पळता पळता मधेच मागचा डावा पाय उचलायची, दोन-तीन उड्या तीन पायांवर मारायची, पाय झटकायची आणि पुन्हा नीट पळायची. काटा रुतला असेल म्हणून पंजा बघितला, काहीच नव्हतं. ओरडत नाही, जेवते, खेळते. मग कशाला काळजी? असं म्हणत महिना गेला.

एका संध्याकाळी तिनं पलंगावरून उडी मारली आणि पाय टेकवेचना. घरात माझ्या गुडघेदुखीच्या गोळ्या होत्या. अर्धी दुधातून द्यावी म्हणून गोळी हातात घेतलीसुद्धा. तेवढ्यात बचत गटाच्या कामासाठी आलेली एक बाई म्हणाली, ‘‘ताई, माणसाची गोळी मुक्या जनावराला नगा देऊ. बैलाचा पाय मुरगळला की आमी आधी गाडी सोडतो, मग डाक्टरला दावतो.’’ दरवर्षी उसाला जाणारी बाई ती. माझा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी चिंगीला बीडला नेलं. गोळीचं ऐकून डॉक्टर म्हणाले, ‘‘थांबलात ते बरं केलंत. आपल्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडंही निकामी होऊ शकतात.’’ मग तिला आडवं करून त्यांनी गुडघ्यावर बोट ठेवायला सांगितलं. वाटी टुपकन बाजूला सरकल्याचं मला बोटाला कळलं.

गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावरल्या खाचेत वर-खाली सरकते. लहान जातीच्या कुत्र्यांत ही खाच पुष्कळदा उथळ असते, पायाची ठेवणही जरा वाकडी असते. मग वाटी खाचेतून निसटते, बहुतेक वेळा आतल्या बाजूला. परत जागेवर बसली की कुत्रं काही झालंच नाही असं पळतं. म्हणूनच आपण फसतो. मी दूध वाढवू का, कॅल्शियम देऊ का विचारलं. हा हाडाच्या ठेवणीचा दोष, तो कॅल्शियमनं जात नाही, आणि वाढत्या पिल्लाला मनानं कॅल्शियम दिलं तर उलट अपायच होतो, असं उत्तर मिळालं.

या दुखण्याच्या चार पायऱ्या असतात. पहिलीत वाटी हातानं ढकलली तरच सरकते. दुसरीत आपोआप सरकते आणि परत येते. तिसरीत ती बहुतेक वेळ बाहेरच असते, हातानं बसवली तरी टिकत नाही. चौथीत हातानंही बसत नाही. पुढच्या पायऱ्यांवर, किंवा कुत्रं वरचेवर लंगडत असेल तर, शस्त्रक्रिया करून खाच खोल करतात. आमची चिंगी दुसऱ्या पायरीवर. लंगडणं वाढलं तर परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात दाखवायचं ठरलं.

तोवर घरातच बदल केले. गुळगुळीत फरशीवर सतरंज्या आणि गोणपाट अंथरले. नखं आणि पंजातले वाढलेले केस कापत गेले, म्हणजे पाय घसरत नाहीत. पलंगावर चढणं बंद, जिन्यावरून उचलूनच न्यायचं. मागच्या दोन पायांवर नाचवणं बंद करायला शेजारच्या पोरांना फार समजवावं लागलं. मोठं काम वजनाचं. सासूबाई गुपचूप बिस्किटं आणि तुपातली पोळी भरवायच्या. ‘‘आई, एकेक घास तिच्या गुडघ्यावर बसतोय,’’ म्हटल्यावर त्यांनी हात आवरला. रोज दोनदा सपाट रस्त्यावर सावकाश फिरवते, कारण नुसतं बसवून ठेवलं तर मांडीचे स्नायू सुकतात.

‘पिल्लं झाली की एक आम्हाला’ असं चौघींनी सांगून ठेवलं होतं. हा दोष पिल्लांत उतरू शकतो म्हणून मी तिचं ऑपरेशन करून घेतलं. दोघी रुसल्या. रुसू देत.

पाडव्याच्या सुमारास ती बचत गटातली बाई उसावरून परतली. ओट्याची पायरी चढताना गुडघा धरला. विचारलं तर म्हणाली, ‘‘चालतंय की ताई.’’

चिंगीचंही महिनाभर चालतच होतं! मी म्हटलं, ‘‘तूच म्हणाली होतीस ना, आधी गाडी सोडायची?’’ ती हसली. येत्या सोमवारी आम्ही दोघी बीडच्या जिल्हा रुग्णालयात जाणार आहोत. माझाही गुडघा दाखवायचा राहिलाय.

मैत्रिणींनो, तुमचा?