जुन्या संगणकाला नवी नजर

दिवाळी जवळ आली की आमच्या वऱ्हाडात गाद्या पिंजायला निघतात. कापूस तोच, खोळ तेवढी नवी. आणि पुढची चार-पाच वर्षे पाठ कुरकुरत नाही. घरातल्या संगणकाच्या बाबतीत मात्र हा शहाणपणा सहसा कोणी वापरीत नाही. तो जरा अडखळू लागला की विक्रेता म्हणतो, "साहेब, आता हा मोडीत काढा," आणि गृहस्थ मुकाट्याने हप्त्यांच्या कागदावर सही करतो. यंदा आमच्या बाळापूरच्या घरी हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा मराठीचा अध्यापक असूनही मी त्यात थोडा खोल शिरलो. जे हाती लागले ते चार घरांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रश्न खेळाचा होता, हे आधीच सांगून टाकतो. वडीलधाऱ्या मंडळींनी भुवया चढवण्यापूर्वी थोडे ऐकून घ्यावे. आमची कन्या पुण्याला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात आहे. चिरंजीव इथेच अकरावीत. ती गेल्यापासून दोघा भावंडांचे फोनवरचे बोलणे "जेवलास का?" आणि "हो" एवढ्यावर आले होते. मग त्यांना 'माइनक्राफ्ट' सापडला. स्वीडनमध्ये जन्मलेला हा खेळ 2011 साली पूर्ण स्वरूपात बाहेर आला आणि 2014 साली मायक्रोसॉफ्टने तो विकत घेतला. विटांसारखे ठोकळे रचून हवे ते जग उभारायचे, असा त्याचा प्रकार. या दोघांनी काय उभारायला घ्यावे? बाळापूरचा किल्ला! मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमाजवळचा, 1757 साली एलिचपूरच्या नवाबाने पुरा केलेला, विटांच्या उंच तटबुरुजांचा आमचा किल्ला. चिरंजीवांनी दिवसा सायकलीवरून जाऊन फोटो काढून आणायचे, आणि रात्री नऊ ते दहा पुण्याहून ताईने व इथून त्यांनी मिळून विटा चढवायच्या. पुढे मिर्झाराजे जयसिंगांची छत्रीही बांधायची, असा बेत होता.

मग कन्येने त्यात 'शेडर' आणले. शेडर म्हणजे ऊन, सावली, पाण्यातले प्रतिबिंब यांचा हिशेब करणारी भर. तिच्या नव्या लॅपटॉपवर बुरुजावर तिन्हीसांजेचे तांबूस ऊन पडू लागले. आमच्या 2014 सालच्या संगणकावर मात्र तेच चित्र सेकंदाला बारा वेळा धडपडत पुढे सरके. चिरंजीव चार दिवस चिडले, मग "आज अभ्यास आहे" म्हणून लवकर उठू लागले. आमच्या सौ. शाळेत गणित शिकवतात. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. त्या म्हणाल्या, "अहो, याचा अभ्यास वाढलेला नाही. ताईशी बोलणं तेवढं कमी झालं आहे." कन्येने आपल्या विद्यावेतनातून नव्या यंत्रासाठी पैसे पाठवण्याची तयारी दाखवली. ते पैसे घ्यायचे नाहीत, यावर मात्र आम्हां उभयतांचे तत्काळ एकमत झाले.

आता हे चित्र अडखळते का, ते पाहू. ठिपक्यांची रांगोळी वाचक भगिनींना सांगायला नको. संगणकाचा पडदा म्हणजे तशीच एक रांगोळी. फक्त ठिपके 1920 गुणिले 1080, म्हणजे 20 लाख 73 हजार 600. आणि ही रांगोळी सेकंदातून साठ वेळा पुसून पुन्हा भरायची! म्हणजे दर सेकंदाला साडेबारा कोटींच्या जवळपास ठिपके. हे काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर टाकणे म्हणजे एखाद्या पंडिताला वस्तुनिष्ठ प्रश्नांचे गठ्ठे तपासायला बसवणे होय. तिथे विद्वत्ता लागत नाही. सोपी खूण करणारे शेकडो हात लागतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे हे शेकडो हात. पुष्कळ लहान यंत्रे एकाच कामाला जुंपण्याची ही कल्पना वऱ्हाडाला परकी नाही, हे जाता जाता सांगतो. 1991 साली पुण्याच्या सी-डॅकमध्ये 'परम 8000' हा महासंगणक याच समांतर पद्धतीने उभा राहिला, आणि त्याचे प्रमुख शिल्पकार डॉ. विजय भटकर हे आमच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे.

आमच्या संगणकात असे वेगळे कार्ड नव्हतेच. प्रोसेसरच्या पोटातच एक लहानसा चित्रविभाग होता, आणि तो स्मरणासाठी रॅममधलाच वाटा उचलीत होता. कागदपत्रांना तो पुरेसा. संध्याकाळच्या उन्हाला नाही.

खर्चाला हात घालण्यापूर्वी दोष नक्की कुठे आहे ते पाहिले पाहिजे. खेळात आपण मान वळवली तरी चित्र धक्के खात असेल, तर दोष संगणकाचा. आपले चित्र सुरळीत असून समोरचा गडी मात्र इथून तिथे उडी मारीत असेल, तर दोष इंटरनेटचा. आमचा पहिला प्रकार. मग फुकटचे उपाय झाले. पडद्याची घडण 1280 गुणिले 720 वर आणली की ठिपके निम्म्याहूनही कमी होतात. कॅबिनेट उघडून वर्षानुवर्षांची धूळ ब्रशने काढली. प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट बदलली. प्रोसेसर फार तापला की आपण होऊन मंद चालतो, म्हणून या शे-दोनशे रुपयांच्या कामाला मी फार मान देतो. चार जीबीची एक रॅम होती, तिच्या जोडीला तशीच दुसरी लावली. बारांचे अठरा झाले. पण अठरांत ऊन पडत नाही.

तेव्हा अकोल्याला गेलो. तिथे संगणक दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत; कमी बोलतात, पण बोलतात ते ऐकण्याजोगे. मी कार्डाचे नाव काढताच म्हणाले, "सर, कार्ड तं कोनीबी इकीन. पयले तुमचा एसएमपीएस पाहा लागीन. थोच कमजोर असला तं नवं कार्ड काय कामाचं?"

एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना वाटणारा डबा. सारे गणित इथेच अडते. मदरबोर्डावरच्या ज्या खाचेत कार्ड बसते, ती खाच जास्तीत जास्त 75 वॅट वीज पुरवू शकते. यापेक्षा भुकेल्या कार्डाला एसएमपीएसकडून वेगळी तार लागते, आणि जुन्या तयार संगणकांत ती तार बहुधा नसते. म्हणून जुन्या यंत्राच्या मालकाने 75 वॅटच्या आतली कार्डेच पाहावीत, हे माझे स्पष्ट मत. 2016 चे जीटीएक्स 1050 टीआय, 2019 चे जीटीएक्स 1650, 2024 चे सहा जीबीचे आरटीएक्स 3050 ही त्या कुळातली. त्यांतही काही कंपन्या वेगळी तार मागणारे प्रकार काढतात. खोक्यावरचा मजकूर डोळे उघडे ठेवून वाचावा. रॅडिऑनचे आरएक्स 6400 वीज कमी खाते खरे, पण ते खाचेतल्या चारच वाटा वापरते. जुन्या मदरबोर्डावर या वाटा अरुंद, म्हणून तिथे त्याचा जोर उतरतो. कॅबिनेट अरुंद असेल तर बुटके कार्ड लागते. कमकुवत प्रोसेसरला भारी कार्ड जोडण्यातही अर्थ नाही. हिशेब येण्याची वाट पाहत हात नुसते बसून राहतात.

आम्ही वापरलेले 1650 सात हजारांत घेतले. जुन्या कार्डांचा बाजार मोठा आहे, आणि त्यामागे एक कथा आहे. 2020 नंतर आभासी चलन काढणाऱ्यांनी ढिगाने कार्डे उचलली; भाव कडाडले. 2022 च्या सप्टेंबरात इथेरियमने आपली पद्धतच बदलली, आणि रात्रंदिवस राबलेली ती कार्डे बाजारात आली. म्हणून जुने कार्ड अर्धा तास भर देऊन, समोर चालवून घ्यावे. पंखा खरखरला किंवा चित्रात रंगीत कण उडू लागले, तर नमस्कार करून उठावे. एसएमपीएसही त्या गृहस्थांच्या सांगण्यावरून नामांकित कंपनीचा, साडेचारशे वॅटचा घेतला.

घरी आल्यावर आणखी एक गंमत. आमच्या मॉनिटरला जुनी निळी व्हीजीए तार, आणि कार्डाला तिचे तोंडच नाही! त्यासाठी एचडीएमआयपासून व्हीजीए करणारा लहान कन्व्हर्टर लागतो. तारही कार्डातच खोचायची, मदरबोर्डाला नव्हे. नाहीतर सात हजार आत बसून राहतात आणि चित्र जुनेच दिसते.

पहिल्या रात्री आकडा अठ्ठेचाळीसवर गेला. चिरंजीव काही बोलले नाहीत, पण फोनवरून कन्येचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला, "अरे, तिकडून बघ, नदीत बुरूज दिसतोय!" त्या रात्री दहाचे साडेदहा झाले आणि सौ.नी घड्याळाकडे पाहिले नाही.

आमच्याकडच्या उन्हाळ्याविषयी दोन शब्द. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्याही पुढे जातो; खोलीच तापलेली असताना कार्डाचा पंखा गार हवा आणणार कोठून? म्हणून दुपारी खेळ बंद, कॅबिनेट भिंतीपासून वीतभर दूर, आणि कार्डाचे तापमान ऐंशीच्या आत. घराचे अर्थिंगही तपासून घेतले. विजेचे म्हणाल, तर 75 वॅट, रोज दीड तास. महिन्याला साडेतीन युनिटांच्या आत.

सध्या घरात वाद चालला आहे तो बुरुजाची उंची किती विटांची धरावी याचा. दिवाळीत कन्या आली की दोघे प्रत्यक्ष मोजायला जाणार आहेत. वर चढायचे नाही, ही आईची अट. तिने त्यांना एक हातभर काठी दिली आहे: एकाच वेळी काठीची सावली मोजा आणि बुरुजाची सावली मोजा, बाकीचे गुणाकारात येईल. सकाळी आठला जावे की नऊला, एवढेच ठरायचे राहिले आहे.