पाठ वळवून बसलेली सिस्टर

रात्रपाळीला गेलं की आधी ‘ओव्हर’ घ्यायचा, म्हणजे आधीच्या पाळीचा निरोप. प्रत्येक कॉटपाशी उभं राहून दिवसाची सिस्टर सांगायची, आम्ही ऐकायचो. टीपीआरचा तक्ता पायथ्याशी टांगलेला असायचा. तापाचे आणि नाडीचे ठिपके जोडणारी रेघ लांबून पाहिली तरी माणूस सुधारतोय की घसरतोय ते कळायचं. २००६ साली आमच्या वॉर्डात संगणक आला, तेव्हा मला पहिलं वाईट वाटलं ते त्या रेघेचं.

दुसरी वाटली ती भीती. वीस वर्षं नोकरी झालेली. सलाईन लावताना कधी न थरथरलेला हात माऊसवर थरथरायचा. नातेवाइकांदेखत एकविशीतल्या पोरीला, “अगं, आता कुठं दाबू?” असं विचारताना काय व्हायचं ते विचारू नका.

पण खोटं कशाला बोलू? डॉक्टरांचं अक्षर हा तुमच्यासाठी विनोद असेल. आमच्यासाठी तो घोर होता. दशांश चिन्ह दिसलं नाही की अर्ध्याचे पाच होतात. खात्री करायला रात्री दोनला फोन करावा, तर बोलणी खावी लागत. संगणकावरची ऑर्डर निदान वाचता येई. शिवाय नोंदी ठेवणं हे मुळात आमचंच काम. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगराईनेच अधिक सैनिक दगावले, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ साली आकृत्या छापून दाखवलं होतं.

आमचं दुखणं निराळं होतं. कागदावरही लिहायचं आणि संगणकातही भरायचं. माणसं मात्र तेवढीच.

त्या रात्री वॉर्डात पंधरा रुग्ण होते. फेरी मारून सगळ्यांचे आकडे चिठ्ठीवर टिपले आणि संगणकात भरायला बसले. प्लगचा पॉइंट भिंतीत, म्हणून टेबल भिंतीला लावलेलं. पाठ वॉर्डाकडे. नऊ नंबरच्या आजोबांची नोंद भरली आणि शेजारच्या रुग्णाची बायको ओरडली, “सिस्टर!” आजोबांनी झोपेत ऑक्सिजनचा मास्क ओढून टाकला होता. ओठ निळे पडले होते. धावले, मास्क लावला, डॉक्टरांना बोलावलं. आजोबा वाचले.

टेबलाशी परत आले तर पडद्यावर माझीच नोंद, वेळेसकट : ‘ऑक्सिजन चालू. रुग्ण शांत झोपलेला.’

सकाळी मेट्रनना सगळं सांगितलं आणि टेबल फिरवून मागितलं. वायर लांबवायला इलेक्ट्रिशियनला तीन आठवडे लागले. तोवर आम्ही खुर्ची तिरकी ठेवून, मान वळवून टाइप करत असू.

माझी भाचीही नर्स आहे. तिच्याकडे ट्रॉलीवर टॅब्लेट असतो. कॉटपाशीच आकडे भरते. २०२१ साली सुरू झालेल्या आरोग्य मोहिमेतला चौदा आकडी ‘आभा’ क्रमांकही ती रुग्णाला विचारते. “मावशी, आता पाठ नाही करावी लागत गं,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “पण एका पाळीला पेशंट किती, ते विचारू नकोस.”