यंत्र आपले, किल्ली परक्याची

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, आणि त्या चोवीस तासांत तिथे सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला होता. ते सगळे पाणी पोलादपूरवरून खाली महाडला आले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडींनी माणसे गाडली. वीज गेली, रस्ते तुटले, मोबाइलची रेंज गेली. तळियेत काय घडले हे बाहेरच्या जगाला कळायलाही वेळ लागला.

एवढ्या मोठ्या दुःखाशेजारी एका प्रिंटरची गोष्ट सांगताना संकोच वाटतो. तरी सांगतो, कारण हा लेख तिथूनच सुरू झाला.

पूर ओसरल्यावर माणसाला आधी पिण्याचे पाणी लागते, मग अन्न, आणि त्यानंतर लगेच कागद लागतो. पंचनाम्यासाठी अर्ज, आधार कार्डाची प्रत, पासबुकाची प्रत, दुकानातील मालाची यादी. बाजारातली झेरॉक्सची यंत्रे चिखलात होती. माझे घर दुसऱ्या मजल्यावर. प्रिंटर कोरडा, कागद कोरडा, आणि इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज शिल्लक. शाईचा प्रिंटर एखाद्या ट्यूबलाइटपेक्षाही कमी विजेवर चालतो. शेजारची चार माणसे वर आली. मी लॅपटॉपवर अर्जाचा मसुदा केला, वायरने प्रिंटर जोडला आणि बटण दाबले. पडद्यावर ओळ उमटली : इंटरनेटशी जोडणी करा.

हा प्रिंटर घेताना मी कंपनीची एक सवलत योजना स्वीकारली होती. यंत्र सतत इंटरनेटशी जोडलेले असले पाहिजे, ही तिची अट. तेव्हा मी ती वाचलीही नव्हती. यंत्र, शाई, कागद, वीज, सगळे त्या खोलीत होते. खोलीत नव्हती ती फक्त परवानगी. शेवटी आम्ही अर्ज हाताने लिहिले. एका काकांनी जाता जाता विचारले, “पैसे पूर्ण दिलेत ना तुम्ही? मग हा कोणाला विचारतोय?”

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते पुढे मांडतो.

बारा आण्यांची शाई

आधी यंत्र कसे चालते ते पाहू. शाईच्या प्रिंटरच्या डोक्याला केसापेक्षाही बारीक अशी शेकडो छिद्रे असतात. एका पद्धतीत प्रत्येक छिद्रामागे सूक्ष्म तापक असतो. तो क्षणार्धात तापतो, शाईचा बुडबुडा होतो आणि तो बुडबुडा एक थेंब बाहेर ढकलतो. १९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून लागली आणि शाई उडाली. त्या अपघातातून ही कल्पना निघाली. दुसऱ्या पद्धतीत तापक नसतो. वीज मिळताच किंचित वाकणारा स्फटिक शाई ढकलतो. एप्सनचे प्रिंटर या जातीचे.

इतके नाजूक यंत्र काही हजारांत कसे मिळते? कारण कमाई यंत्रावर नसते, शाईवर असते. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण या धंद्याला तंतोतंत बसते. पण मसाला दुसऱ्या वाण्याकडून आणला, तर? आपल्याकडे सिरिंजने कार्ट्रिज भरून देणारी मुले गल्लोगल्ली होती. हे टाळण्यासाठी कार्ट्रिजवर चिप आली. ती किती शाई वापरली याचा अंदाज ठेवते, आणि हिशेब संपला की आत शाई उरलेली असली तरी ‘रिकामे’ असे सांगते. कित्येक प्रिंटर एक रंग संपला तर काळे अक्षरही छापत नाहीत.

इंटरनेट आल्यावर ही चिप दूरवरून सांभाळता येऊ लागली. १३ सप्टेंबर २०१६ रोजी जगभरातील एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरांनी इतरांची कार्ट्रिज अचानक नाकारली. आदल्या दिवशी ती चालत होती. यंत्रात आधीच उतरवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ती तारीख लिहिलेली होती. ओरड झाल्यावर, महिना संपण्यापूर्वी, कंपनीने ही बंदी काढणारी सुधारणा देऊ असे जाहीर केले. पण धोरण सोडले नाही. अशा मर्यादा ग्राहकांना नीट सांगितल्या नाहीत, म्हणून इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने डिसेंबर २०२० मध्ये एचपीला एक कोटी युरोचा दंड केला.

प्रिंटरवरून झालेले हे पहिले भांडण नव्हे. १९८०च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. तो वरचेवर अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन या तरुणाने जुन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय करून ठेवली होती : कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्यांना संदेश जाई. नव्या यंत्रातही तेच करायचे, तर त्याचे मूळ सॉफ्टवेअर हवे. ते असलेल्या माणसाने करारामुळे द्यायला नकार दिला. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमनने मुक्त सॉफ्टवेअरचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला. त्यामागच्या कारणांत हा अडकणारा प्रिंटर होता, असे तो स्वतः सांगत आला आहे.

सगळाच दोष कंपनीचा नव्हे

संशोधकाने दुसरी बाजूही तपासावी. आमच्या भागात प्रिंटर बिघडतो त्याला हवामानही कारण आहे. जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब असते. कागद ती ओल पितो, कडेने वाकतो, दोन पाने एकमेकांना चिकटून आत जातात आणि यंत्र अडकते. लेझर प्रिंटरमध्ये तर दमट कागदावर विद्युतभार नीट टिकत नाही, म्हणून अक्षरे फिकी उमटतात. उन्हाळ्यात उलटे घडते. प्रिंटर महिनाभर बंद राहिला की छिद्रांतली शाई सुकते. मग आपण ‘हेड क्लिनिंग’ करतो. त्यात पुष्कळ शाई खर्च होते आणि ती आतल्या स्पंजात जिरते. स्पंज भरला असे मोजणाऱ्या आकड्याला वाटले की यंत्र संपावर जाते. अनेक मॉडेलमध्ये स्पंज बदलून तो आकडा शून्यावर आणला की प्रिंटर पुन्हा चालू लागतो; पण ही गोष्ट माहितीपुस्तिकेत क्वचितच सापडते.

यावर उपाय साधे आहेत. कागदाचे रीम फोडले की उरलेली पाने प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावीत, ट्रेमध्ये रात्रभर सोडू नयेत. आठवड्यातून एकदा एक रंगीत पान छापावे. ज्यांची छपाई कधीतरीच होते, त्यांनी लेझर घ्यावा. त्याची शाई म्हणजे प्लॅस्टिकची पूड, ती सुकत नाही. मात्र ती पूड वितळवायला आतला रूळ दोनशे अंशांच्या घरात तापवावा लागतो. त्यामुळे लेझर घरगुती इन्व्हर्टरवर टाकू नये. रोज भरपूर छापणाऱ्याला बाटलीतून शाई भरण्याचा टाकीवाला प्रिंटर परवडतो.

ओल निसर्गाची आहे, तिच्याशी जमवून घेता येते. मुद्दाम घातलेल्या कुलपाशी जमवून कसे घ्यायचे?

चार हातांवरचा दिवा

हेच कुलूप आता घरातल्या इतर वस्तूंवर येऊ लागले आहे. पोलादपूरजवळच्या एका गावात माझी आत्या एकटी राहते, मुलगा मुंबईला. गणपतीला आला तेव्हा त्याने हौसेने मोबाइलवर चालणारे दिवे आणि गिझर बसवला. असे दिवे चालायचे तर भिंतीवरचे बटण कायम चालू ठेवावे लागते. आत्याची जन्माची सवय, खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करण्याची. म्हणून मुलाने बटणांवर चिकटपट्टी लावली. पुढे ब्रॉडबँडची जोडणी बदलली, पासवर्ड बदलला आणि दिवे कोणाचेच ऐकेनात. मी गेलो तेव्हा आत्या म्हणाली, “बाळा, बटण दाबले की दिवा लागतो, एवढे तरी राहू दे रे!” मी चिकटपट्ट्या काढल्या आणि साधे दिवे लावले. गिझरला मात्र हाताचे बटणच नव्हते.

यामागचा मार्ग समजून घेण्यासारखा आहे. आपण मोबाइलवर ‘दिवा लाव’ म्हणतो. बऱ्याच उपकरणांत हा निरोप चार हातांवरच्या दिव्याकडे थेट जात नाही. तो मोबाइलमधून कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर जातो, तिथे खाते तपासले जाते, आणि मग आज्ञा आपल्या राउटरवरून दिव्यापर्यंत येते. या साखळीतला एक दुवा तुटला की दिवा लागत नाही. पोलादपूरच्या डोंगरात पावसाळ्यात पहिला दुवाच तुटतो. वीज गेली, टॉवरची बॅटरी उतरली, की रेंजही जाते.

हे फक्त आडगावचे दुखणे नव्हे. २५ नोव्हेंबर २०२० रोजी अमेरिकेत अॅमेझॉनच्या सर्व्हरसेवेत बिघाड झाला, तेव्हा तिथल्या घरांतील झाडू मारणारी यंत्रे आणि दारावरच्या घंटा अडल्या. काही वेळा तर बिघाडही लागत नाही, निर्णय पुरतो. ‘रिव्हॉल्व्ह’ हे घरातील उपकरणे जोडणारे तीनशे डॉलरचे यंत्र गूगलच्या नेस्ट कंपनीने घेतले, आणि मे २०१६ मध्ये त्याचा सर्व्हर बंद केला. लोकांच्या घरात धडधाकट यंत्रे होती, ती एका दिवसात निकामी झाली. जोडलेली वस्तू चोरालाही दार उघडते. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे बंद पडली. तो हल्ला करण्यासाठी कारखान्यातला मूळ पासवर्ड न बदललेले घरगुती कॅमेरे आणि रेकॉर्डर वापरले गेले होते.

जोडणी कुठे शोभते

मी इंटरनेटविरोधी नाही. याच महाराष्ट्रात जोडणीचा उत्तम नमुना आहे. शेतावरचा पंप लांब, वीज रात्रीबेरात्री येणार, वाटेत साप-विंचू. या अडचणीवर पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ तयार केले. शेतकऱ्याने घरूनच मोबाइलवरून पंपाला फोन लावायचा, वीज आहे का ते कळून घ्यायचे आणि पंप सुरू करायचा. २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. इथे अंतर ही खरी अडचण आहे आणि जोडणी ती सोडवते. शिवाय रेंज नसली तर शेतावर जाऊन स्टार्टरचे हिरवे बटण दाबता येतेच.

मला यात कसोटी सापडते. जोडणी ही जास्तीची सोय असावी, अट नसावी. इंटरनेट नसताना वस्तूने तिचे मूळ काम केलेच पाहिजे. प्रिंटरने छापावे, दिव्याने उजळावे, गिझरने पाणी तापवावे.

घेण्यापूर्वी

कायदाही हळूहळू या दिशेने येतो आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून जोडलेल्या घरगुती वस्तूंना सरसकट सोपा मूळ पासवर्ड देण्यास मनाई आहे, आणि सुरक्षा सुधारणा किमान किती काळ मिळतील हे सांगणे बंधनकारक आहे. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचे पोर्टल सुरू झाले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे धरली आहेत. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

तोवर दुकानात उभे राहून चार प्रश्न विचारावेत. इंटरनेट न जोडता हे चालते का? ते इथेच चालवून दाखवा. खाते न उघडता वापरता येते का? शाई किंवा सुटे भाग दुसऱ्याचे चालतात का? हाताने चालवण्याचे बटण आहे का? दुकानदार अडखळला, तर उत्तर मिळाले असे समजावे.

आमच्याकडे मे महिन्यात आगोटीची तयारी असते. लाकूडफाटा, सुकी मासळी, तांदूळ, मीठ, सगळे भरून ठेवायचे. २०२२ पासून मी त्यात एक काम वाढवले आहे. मे अखेरच्या एका दुपारी राउटर बंद करतो, मोबाइल बाजूला ठेवतो, घरातली प्रत्येक वस्तू एकदा चालवतो आणि शेवटी प्रिंटरवर एक कोरा अर्ज छापतो. आताचा प्रिंटर साधा आहे, वायरवर चालतो, कोणाला विचारत नाही. असे पन्नास अर्ज छापून पिशवीत बांधून ठेवतो. ते कधी लागू नयेत, एवढीच इच्छा.